अल्बम तुमचा, वाटी नातवाची

प्रश्न: (सोलापुरातील एका वाचकाच्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.)

मी १९५७ चा जन्म. एसटीत वाहक होतो, आता निवृत्त आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका प्रवाशाने तिकिटाच्या पैशांत भोकाचा पैसा दिला. तो मी पदरचे पैसे घालून ठेवून घेतला आणि तिथून नाणी जमवायचा नाद लागला. आज सात अल्बम भरलेत. शिवरायांच्या नावाची तांब्याची नाणी, म्हणजे शिवराई आहेत, राणीछाप रुपये आहेत, निजामाची चारमिनारची नाणी आहेत. मुलगा १९८५ चा. त्याला यात कधीच गोडी वाटली नाही. सगळी आशा नातवावर होती. तो २०१२ चा, आठवीत आहे. गेल्या दिवाळीत त्याला हौसेने अल्बम दाखवायला बसलो, तर पहिलाच प्रश्न, "आबा, हे विकलं तर किती येतील?" वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असं त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. मग शेंगाचटणीच्या हातानेच त्याने चांदीचा रुपया उचलला. मी ओरडलो. तेव्हापासून तो अल्बमकडे फिरकला नाही.

मुलगा म्हणतो, विकून मोकळे व्हा. मला वाटतं, चौदाव्या वाढदिवसाला सगळा संग्रह नातवाला देऊन टाकावा, म्हणजे जबाबदारी आली की गोडीही येईल. किंवा शाळेत प्रदर्शन भरवून बक्षिसं ठेवावीत. आजच्या मुलांना मोबाइलशिवाय काही सुचत नाही. त्यांना या छंदाकडे वळवायचं तरी कसं?

उत्तर:

काका, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी तुमच्या बाजूने, मग त्या आठवीतल्या पोराच्या बाजूने. तो तुमच्याजवळ येऊन बसला, त्याने प्रश्न विचारला आणि नाणं हातात घेतलं. ज्याला रस नसतो ते मूल यातलं काहीच करत नाही, नुसतं "हं, हं" करत उठायची वाट बघतं. तेव्हा गोडी नाही हे आधी मनातून काढून टाका. गोडी होती. त्या दिवशी ती अर्ध्यात तुटली, एवढंच.

"किती येतील?" हा प्रश्न तुमच्या मनाला लागलाय, ते कळतं. चाळीस वर्षांच्या मायेचा कुणी भाव विचारला तर लागणारच. पण नाणं हा मुळात पैसा आहे, त्याच्याबद्दल पहिला प्रश्न किमतीचाच येणार. त्याला उत्तर मिळायला हवं होतं, आणि ते तुमच्याइतकं चांगलं त्याला दुसरं कोण देणार? त्याला सांगा, की वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी रोजच्या वापरासाठी पाडली होती आणि ती दुकानात पाचाला पाच, दहाला दहा अशीच चालतात. नाण्याची किंमत ठरते ते किती कमी उरलंय, किती कमी झिजलंय आणि घेणारा कोण आहे यावर. वय बघून ती ठरत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं स्वस्तात मिळू शकतं आणि साठ वर्षांपूर्वीचं महाग पडू शकतं.

याच बोलण्यात त्याला फसवणुकीबद्दलही सांगून ठेवा. हे मी इतर आजी-आजोबांसाठीही लिहितेय. जुनी नाणी विकत घेतो म्हणून आधी 'कमिशन', 'टॅक्स' किंवा 'नोंदणी फी' मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. बँकेने अशा व्यवहारासाठी कुणालाही नेमलेलं नाही. त्यामुळे फोनवर कुणी बँकेचं नाव सांगितलं तर फोन ठेवायचा. दुसरा प्रकार जत्रेत दिसतो. १८१८ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि वर रामदरबार किंवा हनुमान. कंपनीने असं नाणं कधीच काढलं नाही. तांदूळ ओढून घेणारं 'चमत्कारी' नाणं ही तर सरळसरळ लूट आहे. तेरा वर्षांच्या मुलाला असं खोटं पकडायला फार आवडतं, हे लक्षात ठेवा.

आता मोबाइल. नाण्यांचा विषय त्याच्यापर्यंत मोबाइलनेच पोचवला ना? त्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात नाणं मोठं करून बघता येतं. भिंग शोधत बसायला नको. मोबाइल बाजूला ठेवायला सांगाल तर तुम्ही एकीकडे आणि तो दुसरीकडे. त्यापेक्षा तो हातात असतानाच सुरुवात करा.

मला जास्त काळजी वाटली ती तुमच्या भरलेल्या सात अल्बमांची. तुमची स्वतःची सुरुवात आठवा. कुणी तुम्हाला संग्रह दिला नव्हता. रोजच्या कातडी पिशवीत अचानक एक भोकाचा पैसा आला. युद्धाच्या काळात धातू वाचवायला १९४३ पासून पाडलेला. तो तुम्ही ओळखला आणि हिशेबात स्वतःचे पैसे भरून ठेवून घेतला. तो शोध तुमचा होता. नातवासमोर तुम्ही ठेवलेत ते सगळे शोध लागून झालेले, खिशाखिशात बसवलेले, वर 'हात लावू नको' म्हणून बजावलेले. त्यात त्याला करण्यासारखं काय उरलं होतं? बघणं आणि कौतुक करणं. तेराव्या वर्षी ते कुणालाच फार वेळ जमत नाही.

म्हणून वाढदिवसाला सगळा संग्रह देण्याचा विचार सोडा, असं मी स्पष्टच सांगते. सांभाळायची भीती त्याच्या डोक्यावर बसेल आणि दोन वर्षांत अल्बम कपाटावर जातील. शिवाय तुम्हाला वारस हवाय म्हणून त्याने छंद करायचा, हे त्याच्यावर लादणं होईल. त्याला नाणी आवडू देत. ती तुमचीच असायला हवीत असं कुठे आहे?

एक स्टीलची वाटी घ्या. तुमच्याकडची दुबार, झिजलेली, फारशी किंमत नसलेली नाणी तिच्यात टाका. दोन पैसे, तीन पैसे, झालरीच्या कडेचे दहा पैसे, जुने रुपये. ही वाटी त्याची. चटणीच्या हाताने उचलली तरी चालतील, फरशीवर पडली तरी चालतील, मित्राला देऊन टाकली तरी चालतील. आणि पहिलं काम त्याला असं द्या: घरातल्या प्रत्येकाच्या जन्मसालाचं एकेक नाणं शोधायचं.

तुमच्याच घरात हे किती सुंदर जमतंय बघा. तुम्ही १९५७ चे. त्याच वर्षी १ एप्रिलला रुपयाचे शंभर भाग झाले आणि नया पैसा आला. त्याच्यावर लिहिलेलं असतं, 'रुपये का सौवाँ भाग'. का लिहावं लागलं? कारण त्याआधी रुपयाचे सोळा आणे म्हणजे चौसष्ट पैसे होते आणि लोकांना नवा हिशेब समजावून द्यायचा होता. 'नया' हा शब्द १९६४ मध्ये गेला. म्हणजे तुम्ही आणि नया पैसा एकाच वर्षी जन्मलात, हे नातवाला माहीत आहे का?

तुमचा मुलगा १९८५ चा. त्या काळात चिल्लरीची टंचाई होती, ती तुमच्याइतकी कुणी सोसली असेल? तिकिटामागे बाकी लिहून द्यायचे दिवस. ती टंचाई भागवायला त्या वर्षी काही नाणी परदेशातून पाडून आणली. म्हणून १९८५ च्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी 'एच' दिसतो. तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. तुमच्या वाटीतले सगळे १९८५ चे रुपये पसरा आणि नातवाला कॅमेऱ्यातून तेवढं अक्षर शोधू द्या. ते सापडलं तर तुम्ही त्याला तिकिटामागच्या बाकीची गोष्ट सांगा. ती गोष्ट ऐकायला तुमचा मुलगाही येऊन बसला तर मला नवल वाटणार नाही. त्याच्या जन्मसालाची आहे ना!

आणि नातू २०१२ चा. वैष्णोदेवीच्या नाण्यावरचं सालही तेच. त्याला त्या व्हिडिओचा राग येऊ नये म्हणून हे नाणं तुम्ही स्वतः शोधून त्याच्या हातात ठेवा. लाखाचं नसेल, पण त्याच्या वर्षाचं आहे.

टांकसाळीची खूण हा दुसरा खेळ, त्याला एक पैसा लागत नाही. सालाखाली टिंब असेल तर नाणं नोएडाचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, शंकरपाळ्यासारखी खूण असेल तर मुंबईचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. आपलं सोलापूर मुंबई आणि हैदराबाद या दोन टांकसाळींच्या वाटेवर आहे. मग इथल्या चिल्लरीत चांदण्या जास्त असतील की शंकरपाळी? मला उत्तर माहीत नाही आणि तेच चांगलं आहे. तुमच्या ओळखीच्या किराणावाल्याकडून शंभर-दोनशे रुपयांची चिल्लर आणा आणि पोराला मोजू द्या. दहाच्या नाण्यांतही असंच आहे. काही दुकानदार ती घ्यायला अजून कुरकुरतात, पण तोपर्यंत निघालेल्या चौदाही नक्षींची नाणी वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलंय. ती चौदा गोळा करणं हा एका वर्षाचा उद्योग आहे आणि कंटाळा आला तर सगळी नाणी खर्चता येतात.

घरात लोहचुंबक असेल तर तोही काढा. १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया चिकटतो. बापाच्या सालाचा १९८५ चा चिकटत नाही, कारण तो तांबं-निकेलच्या मिश्रणाचा. मूल म्हणेल, म्हणजे जुनं चिकटत नाही. मग त्याच्यापुढे १९४७ चा वाघाचा रुपया ठेवा. तो टपकन चिकटेल, कारण तो शुद्ध निकेलचा. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

आता माझ्या आजीबद्दल लिहिते, कारण तिच्यामुळेच तुमच्या पत्राला एवढं लांब उत्तर द्यावंसं वाटलं. ती नळदुर्गाकडची. आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, पण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तिच्या चंचीत सुपारीच्या खांडांबरोबर चारमिनारची चार-पाच नाणी असायची. ती इंग्रजी रुपयाला 'कलदार' म्हणायची आणि निजामाच्या रुपयाला 'हाली'. सहा कलदार म्हणजे सात हाली, हा हिशेब तिला तोंडपाठ. सोलापूरच्या बाजाराला यायचं तर तो हिशेब यावाच लागे. एकदा तिने मला एक नाणं उजेडात तिरकं धरायला लावलं आणि विचारलं, "कमानीत काय दिसतं?" चारमिनारच्या मधल्या कमानीत एक इवलंसं अक्षर होतं. ते शेवटचे निजाम उस्मान अली खान यांच्या नावाचं, 'ऐन'. त्यांच्या आधीच्या महबूब अली खानांच्या नाण्यावर तिथे 'मीम' असतं. बाकी चित्र जवळजवळ तेच. दारातलं एक अक्षर बदललं की राजा बदलला! मला आजही ती नाणी हातात घेतली की सुपारीचा वास येतो.

तुमच्याकडे चारमिनारची नाणी आहेत म्हणता. मग सोलापुरात तुमचं अर्धं काम झालेलं आहे. पूर्व भागात कितीतरी घरं अशी आहेत ज्यांचे पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले. त्यांच्या घरातल्या जुन्या डब्यात हीच नाणी असू शकतात. तुमच्या नातवाच्या वर्गात तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी मुलं असतीलच. शेजारच्या गल्लीत उर्दू शाळेत जाणारा एखादा मुलगा असेल. निजामाच्या नाण्यावरची अक्षरं तुम्ही इतकी वर्षं पुस्तकातल्या चित्राशी ताडून ओळखली असतील. तो मुलगा त्यातली बरीचशी सरळ वाचून दाखवेल. त्याला बोलवा. शिवराई मात्र तुमचा नातू वाचेल: एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा सरकल्यामुळे अक्षरं अर्धीच उमटलेली असतात, त्यामुळे दोन-तीन शिवराई शेजारी ठेवून शब्द पुरा करावा लागतो. मराठी पोराला कुणाच्या मदतीशिवाय वाचता येईल असं याहून जुनं नाणं क्वचितच हाती येतं.

आणि जमलेल्या मुलांसमोर दहाची एक साधी नोट ठेवा. मागच्या पट्टीत पंधरा भाषा असतात. आपल्या गावातली पाच-सहा मुलं मिळून त्यातल्या किती ओळी वाचू शकतात ते बघा. इतर गावांना हे इतक्या सहज जमणार नाही.

प्रदर्शनाबद्दल म्हणाल तर आत्ता नको. शाळेच्या सभागृहात काचेमागे नाणी, समोर रांगेने चालणारी दोनशे मुलं आणि शेवटी बक्षीस समारंभ. मुलं बक्षिसासाठी येतील आणि बक्षीस घेऊन जातील. पाच-सहा जणांना रविवारी सकाळी तासभर घरी बोलवा, मुलींना आवर्जून बोलवा, आई-वडिलांना आधी सांगून ठेवा. अदलाबदल करू द्या, पण पैशांचा व्यवहार नको. वर्षभराने त्यांनाच वाटलं तर प्रदर्शन त्यांनी भरवावं आणि पाट्याही त्यांनीच लिहाव्यात.

एक शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून लावा. प्रत्येक नाण्याबरोबर चिठ्ठी. कुणी दिलं, कधी, कुठल्या घरातून, देताना काय म्हणाले. शेजारच्या आजी विड्या वळायच्या तेव्हा हजाराला किती मिळायचे, पणजोबांचा जुन्या मिलमधला पगार कशात यायचा, हे विचारायला नाणं हे उत्तम निमित्त आहे. नाण्याबद्दल पुस्तकात सापडेल, चिठ्ठीतलं कुठेच सापडणार नाही. काका, तुमच्या सात अल्बमांत अशा चिठ्ठ्या आहेत का? नसतील तर त्या तुम्ही सांगा आणि नातवाला लिहू द्या. कुठल्या फेरीला, कुठल्या थांब्यावर, कसल्या माणसाने दिलं. हे फक्त तुमच्या डोक्यात आहे.

हाताळणीचं थोडक्यात. चांगलं नाणं कडेला धरून उचलायचं, खाली मऊ कापड. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांनी कधीही घासायचं नाही. तांब्यावरचा काळपट थर त्याला राखतो आणि घासलं की नक्षीही जाते, किंमतही जाते. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत तांब्याची नाणी ठेवू नका, काही वर्षांत त्यांना हिरवा चिकटा येतो. तुमचे जुने अल्बम एकदा उघडून तपासा. किल्ल्याच्या आसपास किंवा शेतात उकरत फिरायला मुलांना कधी सांगू नका. जमिनीत सापडलेल्या ठेवीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, १८७८ पासून तसा कायदाच आहे. आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हे परदेशातला कुणी 'गिऱ्हाईक' भेटला तर लक्षात असू द्या.

राहिला तुमच्या मुलाचा मुद्दा, विकून टाका. त्याच्यावर रागावू नका. तुमच्यामागे या सात अल्बमांचं काय करायचं ते त्याला कळत नाही, आणि ही भीती रास्त आहे. त्याच्यासाठी एक वही करा: कुठलं नाणं, किती वजनाचं, चांदीचं की नाही, कुठून आलं, कितीला घेतलं. वही असली की विकायचं, ठेवायचं की एखाद्या संग्रहालयाला विचारायचं, हे पुढे कुणालाही ठरवता येईल. आज ठरवायची घाई नाही. वजनासाठी ओळखीच्या सराफाकडे नातवालाच घेऊन जा. इंग्रजांच्या काळचा चांदीचा रुपया काट्यावर ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरतो की नाही, ते त्याला स्वतः वाचू द्या.

थंडीत एखाद्या रविवारी त्या पोरांना घेऊन धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन या, एसटीनेच. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या वस्तू आहेत. त्या काळी रोमशी व्यापार करणारं हे गाव आपल्या इतक्या जवळ आहे, हे सोलापूरच्या कितीतरी मुलांना ठाऊकच नसतं. मुंबईला जाणं झालं तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीलाही नाण्यांचाच अभ्यास करणारी संस्था आहे. पण आधी वाटी, मग हे सगळं.

एवढं करूनही सहा महिन्यांनी तो म्हणाला, "आबा, मला क्रिकेटच आवडतं," तर? तर त्याला क्रिकेट खेळू द्या. रविवारच्या पाच-सहा पोरांतलं दुसरं एखादं टिकेल, आणि ते नात्यातलं नसलं तरी त्याला शिकवाल तसेच शिकवा. तुमच्या नातवाच्या हाती तुमच्या तोंडून लिहिलेल्या पन्नास चिठ्ठ्या तरी राहतील.

त्याआधी एक अवघड काम तुम्हालाच करायचंय. त्याला हाक मारा आणि म्हणा, "त्या दिवशी मी उगाच ओरडलो." तोच चांदीचा रुपया काढा, हात धुऊन यायला सांगा आणि त्याच्या तळहातावर ठेवा. मिनिटभर काही बोलू नका. मग वाटी पुढे करा.

१९८५ च्या रुपयाखाली काय सापडलं, ते मात्र मला नातवाच्या अक्षरात कळवा.